आधी अदमास, मग गुणाकार

फळ्यावर ३८ गुणिले ४७ लिहिलं होतं. चौथीचा वर्ग. खिचडी नुकतीच झालेली, म्हणजे अर्धी मुलं पेंगुळलेली. पहिल्या ओळीतल्या एकानं वही पुढं केली. अडतीस गुणिले सात, २६६. अडतीस गुणिले चार, १५२. खाली बेरीज ४१८. पाढे बरोबर, हातचे बरोबर, बेरीज बरोबर, अक्षर तर पुस्तकात छापल्यासारखं. चूक एकच होती. ४७ मधला चार हा चार नसून चाळीस आहे, हे दुसरी ओळ लिहिताना सुटलं होतं. एककाखाली शून्य द्यायचं राहिलं.

"सर, बरोबर शे ना?" त्यानं विचारलं.

मी चूक-बरोबर काही बोललो नाही. विचारलं, "चाळीस रुपयांची एक वही. पन्नास वह्यांचे किती?"

"दोन हजार." उत्तर यायला क्षणही लागला नाही.

"मग अडतीस रुपयांच्या सत्तेचाळीस वह्या चारशे अठरा रुपयांत कोण देईल?"

त्यानं एकदा वहीकडं पाहिलं, एकदा फळ्याकडं. मग हसून म्हणाला, "दुकानदार येडा व्हई!"

हा सगळा लेख त्या 'दोन हजारां'साठी आहे. त्या पोराकडं ते उत्तर होतं. विचारल्याबरोबर बाहेर आलं. पण गुणाकार करताना त्याला ते आठवलं नाही, कारण शाळेत ते आजवर कुणी मागितलंच नव्हतं. आपण मागतो ते फक्त ओळीखालचं उत्तर. त्या उत्तराच्या आधी मनात येणारा आकडा, ज्याला आपल्याकडची म्हातारी माणसं अदमास म्हणतात, तो आपल्या डोळ्यांदेखत बाजारातून आणि घरातून उठून चालला आहे. त्याला शाळेत जागा द्या, एवढं मागण्यासाठी लिहितो आहे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, तिसरीपर्यंत शिकलेले. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर कांदा विकायला गेलो होतो. बाजार कोणता आणि व्यापारी कोण, ते राहू द्या. माल भरला १९ क्विंटल ४० किलो, भाव पुकारला ११८० रुपये. मुनिमानं कॅल्क्युलेटरवर बोटं मारली आणि हिशेबपट्टी फाडून दिली. रक्कम २०,८९२ रुपये. मी पट्टी खिशात घालणार तेवढ्यात नानांनी ती मागून घेतली, चष्मा नसल्यानं हातभर लांब धरली आणि तिथंच उभे राहिले. ओठ हलत होते. मग म्हणाले, "एकोणीस अकरे दोनशे नऊ. वीस हजार नऊशे तर अकराशेनाच भावखाल व्हतस. मंग वरना ऐंशी कथा गयात?"

मुनीम वरमला. कॅल्क्युलेटरवर पुन्हा आकडे टाकले तर २२,८९२ आले. यंत्रानं बरोबरच सांगितलं होतं, पट्टीवर उतरवताना दोनाचं शून्य झालं होतं. त्याच्या मनात पाप होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण दोन हजार रुपये त्या शून्यातून निघून चालले होते, आणि मी, नानांपेक्षा बारा वर्षं जास्त शिकलेला, ते खिशात घालून घरी चाललो होतो.

नानांनी काय केलं ते नीट पाहा, कारण सगळी कळ तिथं आहे. त्यांनी अचूक गुणाकार केला नाही. १९.४ गुणिले ११८० तोंडी करणं त्यांनाही जड गेलं असतं. त्यांनी वजन खाली ओढून एकोणीस केलं, भावही खाली ओढून अकराशे केला आणि एवढ्याच्या खाली रक्कम जाऊच शकत नाही अशी एक वेस बांधली. पट्टीवरची रक्कम वेशीच्या खाली गेली, तिथं चोर सापडला. वरचीही वेस तितकीच सोपी. वीस क्विंटल, बाराशेचा भाव, चोवीस हजार. खरं उत्तर या दोन वेशींच्या आतच असणार. नुसतं 'साधारण वीस-बावीस हजार' म्हणून भागलं नसतं, वीस हजार आठशे तर त्या 'साधारण'मध्ये आरामात बसले असते. म्हणून अंदाज म्हणजे मोघम बोलणं, अशी जी समजूत आहे ती मुळातच चुकीची. अंदाजालाही रीत असते. दोन्ही आकडे खाली ओढले तर उत्तर खरं त्याहून कमी येणार, दोन्ही वर ढकलले तर जास्त येणार, आणि एक वर, एक खाली नेला तर बऱ्याचदा उत्तराच्या अगदी अंगणात जाऊन उभे राहणार. ३८ चे ४० केले, ४७ चे ४५ केले, झाले १८००. खरं उत्तर १७८६.

आता गणित शिकवणारे मित्र म्हणतील, उत्तर तपासायला आपल्याकडं ताळा आहे की. आहे, आणि तो चांगला जुना आहे. दहाव्या शतकातला मानला जाणारा दुसरा आर्यभट, त्याच्या 'महासिद्धान्ता'त नवाच्या ताळ्याची रीत येते. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची. ३८ चे अकरा, अकराचे दोन. ४७ चेही अकरा, म्हणजे दोनच. दोन दुणे चार. आता उत्तराच्या अंकांची बेरीज चार आली पाहिजे. आमच्या वर्गातल्या त्या ४१८ ला हा ताळा लावा. चार, एक, आठ मिळून तेरा, तेराचे चार. ताळा जमला! उत्तर तद्दन चुकीचं, आणि नवाचा ताळा त्याला 'शाब्बास' म्हणतो.

हा योगायोग नाही. नवाच्या ताळ्याला दहा आणि एक यांतला फरक दिसतच नाही, दोघांचाही त्याच्या लेखी एकच उरतो. त्यामुळे चाळीसच्या जागी चार धरला काय किंवा चारशे धरला काय, ताळा जमायचाच. म्हणजे दोन अंकी गुणाकार नव्यानं शिकणारं पोर जी चूक सर्वांत जास्त करतं, शून्य द्यायला विसरण्याची, नेमकी तीच चूक या ताळ्याला आंधळी. काही शिक्षक एककाचा अंक जुळतो का ते पाहायला सांगतात. साता आठे छप्पन्न, म्हणून शेवटी सहा हवा. ४१८ तिथं पकडलं जातं खरं. पण ३५ गुणिले २४ घ्या. शून्य विसरलं तर १४० आणि ७० मिळून २१०, खरं उत्तर ८४०. शेवटचा अंक दोन्हीकडं शून्य, नवाचा ताळा दोन्हीकडं तीन. दोन्ही पहारेकरी झोपलेले. आणि तीस गुणिले वीस सहाशे, एवढं म्हणणारं पोर मात्र जागं. सहाशेच्या खाली उत्तर जातंच कसं, असं ते विचारणार.

उलट बाजूही सांगायला हवी. १७८६ च्या जागी १७७६ लिहिलं तर अंदाजाला ते कळणार नाही, दोन्ही अठराशेच्या शेजारचेच. ती चूक नवाचा ताळा पकडतो, कारण १७७६ चे तीन उरतात. बारीक चुकांना ताळा आणि ढोबळ चुकांना अंदाज, असे दोन पहारे आहेत. त्यांतला एक पुस्तकात नावानिशी आहे. दुसरा लोकांच्या डोक्यात होता, म्हणून त्याला पुस्तकात भक्कम जागा करावी असं फारसं कुणाला वाटलं नाही. आणि व्यवहारात बुडवणारी चूक नेहमी दुसऱ्या पहाऱ्याच्या हद्दीतली असते. दहा रुपये इकडचे तिकडं झाले तर माणूस पचवतो. फोनवरून पैसे पाठवताना साडेचारशेच्या जागी साडेचार हजार गेले, तर पुढचे चार दिवस फोन करण्यात जातात.

खानदेशात राहून अंदाजाची परंपरा सांगायला फार लांब जावं लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण दर्शनाला जातो, धबधबे पाहतो, डबा खाऊन येतो. याच पाटणला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा शिलालेख सापडला. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढं आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, आणि निकुंभ वंशातल्या सोईदेवानं त्याला दान दिलं, अशी त्यातली हकिकत. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, मठाला उत्पन्न कुठून मिळणार हे सांगायची वेळ आली, तेव्हा लिहिणारा मराठीवर उतरला. बाजारात येणाऱ्या मालावरचा हक्क, घाण्याघाण्याकडून पळी पळी तेल. मला हे फार आवडतं. गणिताच्या शाळेचा खर्च बाजार चालवतो आहे, आणि त्याचा हिशेब बाजाराच्या भाषेत मांडलेला आहे.

त्या मठात जे शिकवलं जात असणार, त्या 'लीलावती'तला गुणाकाराचा पहिला प्रश्न १३५ गुणिले १२ असा आहे. भास्कराचार्य तो एकाच रीतीनं सोडवून थांबत नाहीत. बाराचे तुकडे पाडून गुणा म्हणतात, तीन आणि चार असे गुणक करून गुणा म्हणतात. आणि एक रीत अशी देतात, की गुणकातून सोयीचा आकडा वजा करा किंवा त्यात मिळवा, सोपा गुणाकार उरका, मग तेवढ्याचा फरक भरून काढा. बारा अवघड वाटतात ना, मग दहा घ्या: १३५०. दोनदा १३५ राहिले, ते मिळवा: १६२०. किंवा वीस घ्या: २७००. आठदा १३५ जास्त धरले, ते काढून टाका. फिरून १६२०. नाना काट्याजवळ उभे राहून ओठ हलवत होते ते हेच. फरक इतकाच, की त्यांना पहिल्या पायरीवर थांबता येत होतं. वेस कळली की त्यांचं काम झालं होतं.

मग हे गेलं कुठं?

थोडं नाण्यांबरोबर गेलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत शेर-मण जाऊन किलो आले. त्याआधीच्या शाळेत पाढे म्हणजे नुसते तीसपर्यंतचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असल्यावर अपूर्णांकांशिवाय गत नव्हती. आणि त्यातून बाजारच्या किल्ल्या तयार झाल्या होत्या. मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. आठ रुपये मण, तर अडीच शेर आठ आण्यांना. करून पाहा, नेमकं जमतं. दशमान आलं आणि या किल्ल्यांची कुलपंच गेली. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. नवे पैसे आले ते बरंच झालं, औटकीसाठी पाठीत धपाटे खाल्लेल्या माणसांना विचारा. पण त्या पाढ्यांबरोबर एक सवय विनाकारण वाहून गेली. पाऊणपट, दीडपट, सव्वापट म्हणजे डोळ्यांसमोर किती, हे जे अंगात भिनायचं, ते भिनायचं थांबलं.

उरलेलं आता जातं आहे. भाजीवालीच्या पुढं काटा आहे तो वजनही दाखवतो आणि रक्कमही दाखवतो. ती पाहते, आपण पाहतो, फोन पुढं करतो, टिंग वाजतं. मधे कुणाच्या डोक्यात आकडा उमटतच नाही. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. कॅल्क्युलेटर चुकत नाही, हे नानांच्या पट्टीनंही दाखवलं. बोट चुकतं, डोळा चुकतो, उतरवताना हात चुकतो. यंत्र येण्याआधी इंजिनिअर लोक सरकपट्टी वापरायचे. ती पट्टी नुसते अंक सांगायची, दशांशचिन्ह कुठं ते सांगायची नाही. ते ज्याचं त्यानं डोक्यातल्या अंदाजानं ठरवायचं, म्हणजे उपकरणच अंदाजावाचून अर्धं होतं. आजचं उपकरण पूर्ण आहे. म्हणून आपण अर्धे झालो तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि अर्धेपण वर्गात दिसतं. हे सांगताना मला माझंही माप माझ्याच पदरात घालावं लागेल. पुस्तकात 'अंदाज करा' अशी चौकट आली की मी वर्षानुवर्षं ती उडवली. वेळ नाही, परीक्षेत येत नाही. एकदा मनावर घेऊन मुलांना म्हटलं, आधी अंदाज लिहा, मग गुणाकार करा. वह्या तपासल्या तर सगळ्यांचे अंदाज इतके सुरेख, की मला संशय आला. मग दिसलं. मुलं आधी अचूक गुणाकार उरकत होती, आलेलं उत्तर जवळच्या दहाला किंवा शंभराला नेत होती आणि अंदाजाच्या चौकटीत ते वर लिहीत होती. उत्तर ४१८ असेल, तर अंदाज ४२०! त्यांची काय चूक? त्यांना वाटलं, हाही एक प्रश्नच आहे आणि त्याचंही एकच उत्तर बरोबर असणार. चुकलं तर लाल फुली. फुलीची भीती असेपर्यंत अंदाज जन्मालाच येत नाही.

हे आपल्याच मुलांचं होतं असं नाही. अमेरिकेत १९७८ च्या सुमाराला देशभरच्या चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं, बारा तेरांश आणि सात अष्टमांश यांची बेरीज साधारण किती? पर्याय दिले होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकेक, म्हणजे बेरीज दोनाच्या आसपास. बरोबर पर्याय निवडला फक्त २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून जास्त मुलं १९ आणि २१ वर गेली, वरचे अंक मिळवून किंवा खालचे अंक मिळवून. रीत शिकलेली होती, पण आकडा केवढा याचं भान नव्हतं.

आपल्या देशातलं ताजं उदाहरण याहून बोचरं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत विकायला बसणारी मुलं त्यांनी पाहिली. एवढ्या बटाट्यांचे किती, एवढ्या कांद्यांचे किती, नोट दिली तर परत किती, हे ती तोंडी, झटपट सांगत. तीच गणितं शाळेच्या मांडणीत कागदावर दिली की बहुतेक अडत. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं. कागदावरचं जमे, बाजारातलं जमेना. दोन्ही प्रकारच्या मुलांच्या डोक्यात एकेक खोली आहे, मधली भिंत आपण बांधली आहे.

मग आमच्या साक्री तालुक्यात ही भिंत का असावी? आपला तालुकाच अंदाजावर चालतो. पांझरेवरची फड पद्धत घ्या. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, फडात एक पीक. यंदा नदीला किती पाणी, त्यात किती फड भिजतील, हे शेतकऱ्यांनी मिळून आधी ठरवायचं आणि मग पाटकरी-बारेकऱ्यांनी पाणी फिरवायचं. पावसाकडं पाहून केलेला तो गुणाकारच आहे. पिंपळनेरचा कांदा, म्हसदी-कासाऱ्याकडची बाजरी, ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या, शिवाजीनगरच्या सौर पट्ट्या, जिथं पाहावं तिथं मुलांना विचारता येईल असा 'किती होईल?' पडलेला आहे. आमच्या वर्गातलं पोर सकाळी आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधून आलेलं असतं. जुडी बारा रुपयांना, तेवीस जुड्या संपल्या, तर दोनशे तीसच्या वर पैसे हातात आले पाहिजेत हे त्याला माहीत असतं. अकराला शाळेची घंटा झाली की ते माहीतपण दप्तराबरोबर कोपऱ्यात जातं.

आपण भांडतो तेही भलत्याच गोष्टीवर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं. केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना किती बोल लावले गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं, मुलाला आकड्याचं मोल कळू द्या. पटो न पटो, वाद तरी गणितावर होता. 'अंदाज करा'च्या चौकटी महाराष्ट्रभर उडवल्या जातात, त्यावर एक ओळीचं पत्र कुणी वर्तमानपत्राला पाठवलेलं मी वाचलं नाही. मीही पाठवलं नाही.

दोन शंका नेहमी येतात. पहिली पालकांची: अंदाजानं सांगायची सवय लागली तर पोर अचूक करायचं सोडून देईल. माझा अनुभव असा, की ज्याला दोन वेशी माहीत असतात तोच आपला गुणाकार पुन्हा तपासतो. बाकीच्यांना तपासायला कारणच सापडत नाही. शिवाय शिष्यवृत्तीचं पुस्तक घरात आणलंत ना? चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. २९८ गुणिले ३१ चे पर्याय ९२३, ६२३८, ९२३८ आणि ९२,३८० असले, तर तीनशे गुणिले तीस नऊ हजार एवढं म्हणताक्षणी तीन पर्याय गळाले, पेन्सिल न उचलता. वेगाच्या क्लासला महिन्याची फी भरणाऱ्यांनी हा हिशेबही मांडून पाहावा. दुसरी शंका शिक्षकांची: अभ्यासक्रम पुरा होत नाही, यात हे कुठं घुसडू? त्याला माझं उत्तर आहे की वेगळा तास लागत नाही, वेगळं पुस्तक लागत नाही. रोजच्या गुणाकाराच्या आधी अर्धं मिनिट लागतं.

म्हणून माझ्या तालुक्यातल्या आणि तालुक्याबाहेरच्याही तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांना हात जोडून विनंती. फळ्यावर गुणाकार मांडलात की खडू खाली ठेवा आणि विचारा, "किती येईल?" हात वर करणाऱ्या पहिल्या तीन मुलांचे आकडे कोपऱ्यात लिहा, चुकीचे असले तरी पुसू नका. मग उदाहरण सोडवा आणि कुणाचा आकडा का लांब गेला ते त्यालाच बोलू द्या. अंदाजाला लाल शाई लावू नका, कधीच. खिचडीचा तांदूळ मोजताना एका मुलाला जवळ बोलवा. पहिली ते पाचवीला दर मुलामागं शंभर ग्रॅम. आज पटावर अठ्ठेचाळीस हजर, मग तांदूळ किती? 'पाच किलोला थोडा कमी' एवढं त्यानं म्हटलं की नोंदवहीत चार किलो आठशे ग्रॅम लिहा, त्याच्या समोर लिहा. पन्नास किलोचं पोतं किती दिवस पुरेल, हे त्याला घरी जाईपर्यंत सुचेल. सुचलं नाही तर उद्या विचारा.

बालआनंद मेळावा बहुतेक शाळा भरवतात. मुलं भेळ, भाजी, लिंबूसरबत विकतात, फोटो निघतात. यंदा त्या बाजारात कॅल्क्युलेटर आणि फोन गेटबाहेर ठेवा, पालकांचेसुद्धा. दुकान मांडायच्या आधी प्रत्येक पोरानं एका चिठ्ठीवर लिहायचं, किती नग, काय भाव, संध्याकाळी गल्ल्यात साधारण किती. चिठ्ठी घडी करून शिक्षकाकडं द्यायची, संध्याकाळी उघडायची.

आयाबायांना सांगणं एवढंच, की पोराला बाजारात नेता ना, मग काट्यावर रक्कम उमटण्याआधी त्याला विचारा. भाजीवाली थांबते, तिलाही गंमत वाटते. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक मागणं, यातलं बाकी काही जमलं नाही तरी हे जमेल. तीन गुणांचा गुणाकार असेल तर त्यातला एक गुण अंदाजाला द्या, उत्तर चुकलं तरी द्या. आपल्याकडं ज्याला गुण तेच शिकवलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पावकी-निमकी शाळेत बसून म्हटलेली माणसं आता पंच्याहत्तरीच्या पुढची आहेत. प्रत्येक गल्लीत दोन-चार सापडतील, ओट्यावर बसलेली असतात. मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्यांतल्या एखाद्याला शाळेत घेऊन या, खुर्ची द्या, आणि मुलांना सांगा, यांना कोणताही भाव विचारा. आमचे नाना असते तर मीच घेऊन आलो असतो.